फुकटच्या गाण्याचा हिशेब

साधारण पंधरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या कोणत्याही एसटी स्टँडसमोर मोबाइल रिचार्जचे एखादे तरी दुकान असे आणि त्या दुकानात रिचार्जइतकाच जोरात चालणारा दुसरा एक धंदा असे, तो म्हणजे मेमरी कार्ड भरून देण्याचा. गिऱ्हाइकाने फोनमधून नखाएवढे कार्ड काढून काउंटरवर ठेवायचे, दुकानदाराने ते कार्ड-रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला लावायचे आणि ‘जुनी टाकू की नवी? भक्तिगीतं पण हवीत का? एखादा पिक्चर बसेल अजून,’ असे विचारत एकेक फोल्डर त्यात लोटायचा. दोन जीबीच्या कार्डात चारशे-साडेचारशे गाणी सहज मावत आणि या कामाचे वीस-तीस रुपये पडत. गायक, गीतकार, संगीतकार किंवा ध्वनिमुद्रण कंपनी यांच्यापैकी कोणाच्याही हाती त्यातला छदामही लागत नसे. कायद्याने पाहिले तर हा उघड उघड गुन्हा होता. पण त्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. ज्या गाण्यांची किंमत शून्यावर आली होती असे कंपन्या म्हणत होत्या, ती घेण्यासाठी गिऱ्हाईक खिशातून पैसे काढत होते. मग ते पैसे नेमके कशाचे होते?

इंटरनेटवरून होणाऱ्या फाइलींच्या देवाणघेवाणीची चर्चा बहुधा ‘त्यामुळे नुकसान किती झाले’ या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच आणि त्याचे उत्तर पुढे येईल. परंतु मला त्याहून उपयोगाचा वाटणारा प्रश्न असा आहे की, प्रत फुकट झाल्यावर पैसा गेला कुठे? कारण पैसा नेहमी दुर्मीळ गोष्टीभोवती गोळा होतो, आणि एखादी गोष्ट मुबलक झाली की तिच्या शेजारची कोणती तरी दुसरी गोष्ट दुर्मीळ ठरते. त्या दुकानात गाणी मुबलक होती. दुर्मीळ होते ते इंटरनेट, कॉम्प्युटर आणि गाणी निवडून क्रमाने लावण्याची खटपट. वीस रुपये त्या खटपटीचे होते.

गाणे, पुस्तक किंवा चित्रपट यांचा खर्च इतर मालासारखा नसतो. शंभर पोळ्या करायला जेवढी कणीक लागते, तिच्या दुप्पट कणीक दोनशे पोळ्यांना लागते. गाण्याचा जवळजवळ सगळा खर्च मात्र पहिली प्रत तयार होईपर्यंतच होऊन गेलेला असतो. वादकांचे मानधन, स्टुडिओचे भाडे, चाल बांधायला लागलेले महिने, सगळे त्यातच येते. दुसऱ्या प्रतीपासून पुढे खर्च नगण्य. अर्थशास्त्र सांगते की, खुल्या स्पर्धेत वस्तूची किंमत पुढची एक प्रत काढण्याच्या खर्चाकडे घसरत जाते. इथे तो खर्च शून्याजवळ आहे, म्हणजे किंमतही शून्याजवळ जाईल आणि पहिल्या प्रतीचा खर्च भरून निघणार नाही. हा पेच सोडवण्यासाठीच कॉपीराइट आहे. प्रत काढण्याचा हक्क ठरावीक मुदतीसाठी एकाच्याच हाती ठेवून कायदा मुद्दाम टंचाई निर्माण करतो. आपला १९५७चा कायदा ही मुदत सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत देतो.

मात्र या टंचाईचे रक्षण एकटा कायदा कधीच करत नव्हता. खरी राखण ती वस्तूच करत होती. कॅसेटवरून कॅसेट केली की खरखर वाढे आणि त्या प्रतीची प्रत काढली की गाण्याआधी टेपचाच आवाज ऐकू येई. पुस्तकाच्या झेरॉक्सचा खर्च कित्येकदा पुस्तकाच्या किमतीच्या आसपास जाई. म्हणून नक्कल होत असली तरी तिला आपोआप मर्यादा पडत असे. डिजिटल फाइलीने हा पहारेकरीच उठवला, कारण हजारावी प्रतही पहिल्या प्रतीइतकीच स्वच्छ असते.

तरीही केवळ डिजिटल होण्याने काम भागले नसते. सीडीवरचे संगीत मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा घेते. म्हणजे पाच मिनिटांचे गाणे पन्नास एमबीचे झाले. नव्वदच्या दशकात घरच्या टेलिफोनला जोडलेल्या मोडेमवर सेकंदाला पाच केबी मिळाले तरी नशीब समजावे, अशी स्थिती होती. त्या वेगाने ते एक गाणे उतरवायला पावणेतीन तास लागले असते आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून राहिला असता. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या, १९९५मध्ये ‘एमपी३’ हे नाव मिळालेल्या पद्धतीने माणसाच्या कानाला तसेही ऐकू न येणारे तपशील गाळून ती फाइल दहाव्या हिश्शावर आणली. पावणेतीन तासांचे काम सतरा मिनिटांवर आले. एका उद्योगाचा पाया हलला तो या भागाकाराने.

जून १९९९मध्ये शॉन फॅनिंग या अमेरिकेतील कॉलेजवयीन मुलाने नॅप्स्टर सुरू केले. नॅप्स्टरच्या कॉम्प्युटरवर गाणी नव्हतीच. तिथे होती ती केवळ यादी, कोणत्या गाण्याची फाइल कोणाच्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे एवढे सांगणारी. फाइल मात्र थेट एका घरातून दुसऱ्या घरात जात असे. फेब्रुवारी २००१पर्यंत नॅप्स्टरचे वापरकर्ते अडीच कोटींच्या पुढे गेले होते. यादी एका ठिकाणी असल्यामुळे न्यायालयाला ती बंदही करता आली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नॅप्स्टर थांबले. त्याच सुमारास ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरेंट आणले, ज्यात फाइलीचे शेकडो तुकडे होतात आणि तुकडा मिळालेला प्रत्येक जण तोच तुकडा लगेच दुसऱ्याला देऊ लागतो. एरवी पंगतीत जेवणारे वाढले की वाढप्यांची तारांबळ उडते. इथे पानावर बसलेला प्रत्येक जण वाढपीही होता. म्हणून मागणी जितकी जास्त, तितका पुरवठा वेगवान. दुकानदारीच्या सगळ्या अनुभवाच्या हे उलटे होते, आणि बंद करायला हातात एक असे ठिकाणच उरले नव्हते.

आता नुकसानीचा प्रश्न. अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १९९९मध्ये १४.६ अब्ज डॉलर होती. २०१४पर्यंत ती ६.७ अब्जांच्या घरात आली. पंधरा वर्षांत निम्म्याहून अधिक धंदा गेला आणि त्याची सुरुवात नॅप्स्टरच्या जन्मापासून झाली, हे चित्र इतके ठळक आहे की, दोष कोणाचा हे विचारण्याचीही गरज वाटू नये. कंपन्यांनी तसेच केले. उतरवलेल्या गाण्यांची संख्या गुणिले गाण्याची किंमत, असा साधा गुणाकार मांडून त्या बुडालेल्या रकमा जाहीर करत. या गुणाकारात कुठे पाणी मुरते ते आपल्या मेमरी कार्डावरून लगेच कळेल. साडेचारशे गाणी, प्रत्येकी दहा रुपये धरले तर साडेचार हजारांचे नुकसान. पण ज्या मुलाने वीस-तीस रुपये देऊन कार्ड भरले, तो साडेचार हजार रुपये घेऊन कॅसेटच्या दुकानात कधीच गेला नसता. गेला असता तर एखादी कॅसेट घेऊन आला असता. नुकसान आहे ते त्या एका कॅसेटचे, आणि तेही त्याने ती घेतली असती तरच.

म्हणजे मोजायचे आहे ते असे : फुकट फाइल मिळाली नसती तर किती जणांनी विकत घेतले असते? आणि उलट बाजूने, फुकट ऐकून आवडले म्हणून किती जणांनी नंतर विकत घेतले? पहिल्या प्रकाराला पर्यायी वापर म्हणू, दुसऱ्याला चव घेणे. दोन्ही परिणाम एकाच वेळी, एकाच गाण्यावर होत असतात, आणि लोकप्रिय गाणे जास्त विकलेही जाते व जास्त उतरवलेही जाते, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून कारण सापडत नाही. फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ या अर्थतज्ज्ञांनी एक मोठी कल्पक वाट काढली. अमेरिकेत उतरवली जाणारी बरीच गाणी जर्मनीतील मुलांच्या कॉम्प्युटरवरून येत. जर्मनीत शाळांना सुट्ट्या लागल्या की, तिथली मुले जास्त वेळ ऑनलाइन राहात आणि अमेरिकनांना गाणी मिळणे सोपे होई. जर्मन सुट्ट्यांचा अमेरिकन श्रोत्यांच्या आवडीनिवडीशी काहीच संबंध नाही. तेव्हा सुट्टीच्या आठवड्यांत अमेरिकेतील विक्री घसरते का, एवढेच पाहायचे. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात हा परिणाम शून्यापासून वेगळा करता येत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि त्यावर मोठा वाद झाला.

उलट बाजूचा सर्वांत बोलका पुरावा स्वीडनचा आहे. एप्रिल २००९मध्ये तिथे एक कायदा लागू झाला, ज्यामुळे फाइल वाटणाऱ्याची ओळख इंटरनेट कंपनीकडून मागण्याचा हक्क मालकांना मिळाला. आपले नाव बाहेर येईल या धास्तीने पुढच्या सहा महिन्यांत देशातील इंटरनेटची वाहतूक १६ टक्क्यांनी घटली आणि संगीताची विक्री ३६ टक्क्यांनी वाढली, असे आड्रियान आडेर्मोन आणि चे-युआन लियांग यांच्या अभ्यासात दिसते. चित्रपटांच्या तिकिटांवर आणि डीव्हीडींवर मात्र परिणाम दिसला नाही. गंमत पुढे आहे. शिक्षा फारशा कोणाला होत नाहीत हे लोकांच्या लक्षात आले आणि सहा महिन्यांनंतर सगळे पुन्हा पूर्वपदावर आले. आज एकूण अभ्यासांचा कौल नुकसान झाले याच बाजूला आहे, हे फुकट वाटपाच्या समर्थकांनी मान्य करायला हवे. पण एका फुकट प्रतीमागे एक विक्री बुडाली, असे प्रमाण कुठेच निघत नाही. राफाएल रॉब आणि जोएल वाल्डफोगेल यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा उतरवलेल्या पाच अल्बमांमागे साधारण एक खरेदी बुडाल्याचे आढळले.

शिवाय घसरणीला इतर कारणेही होती, आणि त्यांतले एक कंपन्यांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतले होते. दोन गाण्यांसाठी बारा गाण्यांची सीडी घ्यावी लागणे हा त्या काळचा रिवाज होता. भाजीवाल्याने कोथिंबिरीसाठी अख्खी टोपली घ्यायला लावावी तसा. मे २००० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पाच मोठ्या कंपन्यांना दुकानांतील सवलतींच्या जाहिराती रोखणारी अट सोडायला लावली, तेव्हा त्या अटीमुळे ग्राहकांनी तीन-साडेतीन वर्षांत ४८ कोटी डॉलरपर्यंत जास्तीचे मोजले असावेत, असा अंदाज दिला होता. मग एप्रिल २००३मध्ये ॲपलने आयट्यून्सचे दुकान उघडून एकेक गाणे ९९ सेंटला विकायला सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. हा व्यवहार पूर्णपणे कायदेशीर होता, तरी उलाढाल त्यानेही घटलीच, कारण पंधरा डॉलरची सीडी घेणारा प्रामाणिक ग्राहक आता दोन डॉलरमध्ये मोकळा होत होता. एकूण घसरणीतला मोठा हिस्सा टोपली सुटल्याचा आहे आणि तो चोरीच्या खात्यावर लिहिणे योग्य नाही.

कंपन्यांनी न्यायालयाची वाट धरली. सप्टेंबर २००३मध्ये २६१ सामान्य लोकांवर दावे दाखल झाले आणि पाच वर्षांत ती संख्या तीस हजारांपलीकडे गेली. मिनेसोटातील एका महिलेला २४ गाण्यांपायी २,२२,००० डॉलर भरपाईचा निकाल लागला. फेरसुनावणीत ज्युरीने तीच रक्कम १९ लाख २० हजारांवर नेली आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर २०१२मध्ये ती पुन्हा मूळ आकड्यावर आली. डिसेंबर २००८मध्ये कंपन्यांनी असे दावे करण्याचे धोरणच सोडून दिले. त्या पाच वर्षांत फाइलींची देवाणघेवाण काही थांबली नव्हती.

तिला आळा बसला तो दुसऱ्याच गोष्टीने, पैसे देऊन घेण्याच्या सोप्या वाटेने, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर २००७मध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीने किमतीच्या भांडणावरून आपल्या मालिका आयट्यून्सवरून काढून घेतल्या. लोक डीव्हीडीकडे वळतील, ही अपेक्षा. ब्रेट डॅनहर, मायकेल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले, तेव्हा एनबीसीच्या मालिकांची चोरटी देवाणघेवाण ११.४ टक्क्यांनी वाढल्याचे आणि डीव्हीडींच्या विक्रीत मात्र काहीच फरक न पडल्याचे दिसले. पैसे द्यायला तयार असलेले ग्राहक दार बंद दिसताच मागच्या गल्लीत गेले होते, आणि एकदा तिथला रस्ता कळला की माणूस सहसा परत पुढच्या दाराशी येत नाही.

आपल्याकडचे उदाहरण याहून गमतीशीर आहे. २०१७मध्ये सारेगामाने कारवाँ नावाचा, जुन्या ट्रान्झिस्टरच्या चेहऱ्याचा पाच हजार गाणी भरलेला संच बाजारात आणला आणि तो काही हजार रुपये मोजून लोकांनी धडाधड घेतला. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. त्यातली बहुतेक गाणी यूट्यूबवर फुकट उपलब्ध होती. पण सत्तरीतल्या वडिलांना यूट्यूब उघडून, जाहिरात ओलांडून गाणे शोधायचे नव्हते. बटण फिरवायचे होते. मुलांनी दिलेले पैसे त्या बटणाचे होते. एसटी स्टँडसमोरचे वीस रुपये आणि हे काही हजार रुपये एकाच जातीचे आहेत. आणि ते स्टँडसमोरचे दुकान तरी कोणी बंद पाडले? धाडी अधूनमधून पडत असत, पण सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, डेटा जवळपास फुकट झाला आणि कार्ड भरून घेण्याचे कारणच संपले.

स्ट्रीमिंगने याच धाग्यावर आपला धंदा उभारला. स्पॉटिफाय ऑक्टोबर २००८मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाले. त्याच देशात, जिथे पायरेट बे या जगातील सर्वांत गाजलेल्या टोरेंट यादीचे घर होते आणि जिथल्या न्यायालयाने सहा महिन्यांनी तिच्या चालकांना कैदेची शिक्षा सुनावली. चोरट्या मार्गापेक्षा सोपे आणि जवळजवळ तितकेच स्वस्त, एवढाच सौदा स्पॉटिफायने पुढे ठेवला. नग विकण्याऐवजी दार उघडून देण्याचे मासिक भाडे घ्यायचे. अमेरिकेतील उलाढाल २०२३मध्ये १७.१ अब्ज डॉलरवर गेली. महागाई जमेस धरली तर १९९९ची उंची अजून गाठलेली नाही, हे मात्र त्या आकड्याभोवतीच्या जल्लोषात कोणी सांगत नाही.

पैसा परत आला, पण ज्या हातांतून गेला होता त्याच हातांत आला नाही. त्याची वाटणी कशी होते हे समजून घेण्यासाठी एक छोटा हिशेब करू. एका सेवेचे दोनच ग्राहक आहेत असे समजा : एक आजी आणि तिचा कॉलेजात जाणारा नातू. दोघेही महिना नव्वद रुपये भरतात. सेवा तिसरा हिस्सा, म्हणजे प्रत्येकी तीस रुपये, स्वतःकडे ठेवते. उरलेले साठ अधिक साठ, म्हणजे एकशे वीस रुपये, एका डेऱ्यात जमा होतात. आजी महिन्यात शंभर वेळा नाट्यगीते ऐकते. नातू बसमध्ये, जिममध्ये, झोपताना मिळून एकोणीसशे वेळा हिंदी आणि पंजाबी गाणी वाजवतो. डेऱ्यातला पैसा एकूण वाजवण्यांच्या प्रमाणात वाटला जातो. दोन हजारांत नाट्यगीतांचा वाटा शंभराचा, म्हणून एकशे वीस रुपयांपैकी त्यांच्या वाट्याला सहा रुपये येतात. आजीने दिलेल्या साठ रुपयांतले चोपन्न रुपये अशा गाण्यांकडे गेले, जी तिने आयुष्यात ऐकलेली नाहीत. शिवाय ते सहा रुपयेही आधी हक्क असलेल्या कंपनीकडे जातात आणि तिच्या करारात जे लिहिले असेल ते पुढे गायकाच्या वारसांकडे.

यात कोणी लबाडी केलेली नाही. ही वाटणीची रीतच आहे. पण तिचा कल लक्षात घ्या. कॅसेट-सीडीच्या काळात एक कॅसेट घेऊन ती वर्षभर मन लावून ऐकणारा श्रोता आणि ती एकदाच वाजवणारा श्रोता गायकाला सारखेच पैसे देत होते. आता पैसा वाजवण्याच्या संख्येमागे जातो. म्हणजे छोटी, पुन्हा पुन्हा लागणारी, पार्श्वभूमीला चालणारी गाणी फायद्यात आणि तासभराचा राग एकदा बसून ऐकण्याची संस्कृती तोट्यात. साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग सेवेने २०२१पासून काही कलाकारांसाठी प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याच्याच गायकांना देण्याची रीत आणली. तीच रीत इथे लावली तर नाट्यगीतांना सहाऐवजी साठ रुपये मिळाले असते. स्पॉटिफाय मात्र उलट दिशेला गेले. वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला २०२४पासून ते ध्वनिमुद्रणाचे मानधन देत नाही. मराठीसारख्या भाषेत, जिथे ग्राहकांतले बहुसंख्य जाहिराती सोसून फुकट ऐकतात आणि वर्गणीचा दरही पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच कमी आहे, तिथे या डेऱ्याच्या तळाशी फार काही उरत नाही.

बाकीचा पैसा मंचाकडे गेला. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी २००२मध्येच म्हणाले होते की, संगीत आता नळाच्या पाण्यासारखे किंवा विजेसारखे होणार, तेव्हा गायकांनी दौऱ्यांची तयारी ठेवावी. ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतील मैफिलींच्या तिकिटांचे वाढते दर याच अंगाने समजावले. ध्वनिमुद्रण विकून पैसा येत होता तेव्हा तिकीट स्वस्त ठेवणे परवडत असे, कारण मैफिलीची जाहिरात सीडीला होई. आता ध्वनिमुद्रण ही मैफिलीची जाहिरात झाली आहे. आपल्याकडे दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांची गर्दी आणि प्रायोजकांचे फलक पाहिले की तो मुद्दा पटतो. हाच बदल गीतकाराच्या बाजूने पाहिला तर वेगळा दिसतो. गायकाला मंच आहे, वादकाला मंच आहे. गीत लिहून घरी बसणाऱ्याला तो नाही. म्हणूनच २०१२ची कॉपीराइट दुरुस्ती मला इतकी महत्त्वाची वाटते. चित्रपटासाठी लिहिलेल्या गीताच्या इतर वापरांतून येणाऱ्या मानधनात गीतकार-संगीतकारांचा बरोबरीचा वाटा तिने पक्का केला आणि वारस किंवा हक्कसंस्था सोडून तो कोणालाही लिहून देता येणार नाही, अशी तजवीज केली.

जमेची बाजूही मोठी आहे. वितरणाचा खर्च गेल्यामुळे ज्यांना पूर्वी एकाही कंपनीने दारात उभे केले नसते, ते लोक घरच्या स्टुडिओत कोळीगीते, आगरी हळदीची गाणी आणि भीमगीते ध्वनिमुद्रित करून थेट यूट्यूबवर टाकतात, आणि त्यांतली काही कोट्यवधींच्या संख्येने पाहिली जातात. कोणते गाणे चालेल हे आधी कळत नाही. म्हणून पेरा वाढला की पीकही वाढते, असे वाल्डफोगेल यांचे म्हणणे आहे. नॅप्स्टरनंतर चांगल्या संगीताचा दुष्काळ पडेल हे भाकीत खोटे ठरल्याचेही त्यांनी आकडेवारीने दाखवले आहे. यूट्यूबने २००७मध्ये आणलेल्या ओळखयंत्रणेमुळे तर दुसऱ्याने चढवलेली प्रत सापडली की ती काढण्याऐवजी तिच्यावरच्या जाहिरातीचे पैसे मालकाला घेता येतात, आणि बहुतेक मालक तेच करतात. चोर इथे बिनपगारी वितरक झाला.

चित्रपटाचे गणित वेगळे, कारण त्याची कमाई पहिल्या काही दिवसांत होते आणि बहुतेक लोक तो एकदाच पाहतात. चव घेतली की जेवणच झाले. प्रदर्शनाआधी प्रत फुटलेल्या चित्रपटाची तिकीटबारी नंतर फुटलेल्यापेक्षा १९.१ टक्क्यांनी कमी भरते, असे एका अमेरिकन अभ्यासात आढळले आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने भारतात चित्रपटगृहातल्या चोरट्या चित्रणाला किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला, तो या पहिल्या दिवसांसाठी.

राहता राहिली पुस्तके, आणि तिथे हा सगळा हिशेब मराठीच्या अगदी अंगाशी येतो. गेल्या वर्षी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एका हयात लेखकाच्या नव्या पुस्तकाची पीडीएफ आली. मोबाइलने पानापानाचे फोटो काढून जोडलेली, कडेला काढणाऱ्याचा अंगठाही दिसणारी. त्याच माणसाने आदल्या आठवड्यात साने गुरुजींचे पुस्तक पाठवले होते. ते १९५०मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे लेखन २०११पासून सर्वांसाठी खुले आहे. कोणीही छापावे, कोणीही वाटावे. फोनच्या पडद्यावर दोन्ही पीडीएफ सारख्याच दिसतात. फरक पडतो तो प्रकाशकाच्या वहीत. समजा, तीनशे रुपयांच्या पुस्तकाची जुळणी, संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांवर साठ हजार खर्च झाले. हजार प्रती खपल्या तर तो खर्च प्रतीमागे साठ रुपये पडतो. तीनशेच खपल्या तर दोनशे रुपये. विक्रेत्याचे शेकडा चाळीस टक्के वजा केल्यावर प्रकाशकाच्या हाती एकशेऐंशीच येतात, आणि त्यातून कागद, छपाई व लेखकाचे मानधन अजून द्यायचे असते. कोट्यवधी श्रोते असलेल्या गाण्याला शंभर फुकट प्रतींनी काही होत नाही. हजारांच्या आवृत्तीतल्या शंभर प्रती मात्र लेखकाला दुसरे पुस्तक मिळेल की नाही हे ठरवू शकतात.

मी त्या नातेवाइकाला, नात्याने माझे मावसभाऊ, फोन करून विचारले की, दादा, तीनशे रुपये तुम्हाला जड नव्हते, मग विकत का नाही घेतले? ते म्हणाले, ‘अरे, इथलं एकमेव पुस्तकाचं दुकान बंद होऊन चार वर्षं झाली. प्रकाशकाला फोन केला तर म्हणाले मनिऑर्डर करा, नाहीतर पुण्याला आलात की घेऊन जा. ई-बुक आहे का विचारलं, तर काढलं तर लोक पीडीएफ करतील म्हणून काढत नाही म्हणाले.’ पुस्तक त्यांनी पूर्ण वाचले होते आणि लेखकाचे जुने एखादे पुस्तक कुठे मिळेल, हे ते मलाच विचारत होते.